डबल बेल

दिलीपराव नाईकनवऱ्यांची आणखी एक केबल मेली, तेव्हा त्यांनी ती आणून जेवणाच्या टेबलावर सुनेच्या ताटाशेजारी ठेवली. मेलेलं झुरळ पुरावा म्हणून ठेवावं तशी.

"हिला विचार," ते मुलाला म्हणाले, "अजून किती मारायच्या ठरल्यात."

केतकी हातभर अंतरावर बसली होती. पण कित्येक महिन्यांपासून दिलीपराव सुनेशी मुलामार्फत बोलत आणि सूनही त्यांच्याशी तशीच. ऋतुराजची अवस्था फाट्यावरच्या थांब्यासारखी झाली होती. दोन्हीकडच्या गाड्या येत, त्याच्यावर धूळ उडवत आणि निघून जात.

"अण्णांना सांग," केतकी भाकरी मोडत म्हणाली, "ई-कचऱ्याची बादली जिन्याखाली आहे."

दिलीपरावांनी आयुष्य एस.टी.त काढलं होतं. आधी कंडक्टर, मग तपासनीस. आडबाजूच्या फाट्यावर झाडामागं उभं राहायचं, गाडी थांबवायची, आत शिरायचं आणि चेहऱ्यावरून विनातिकीट माणूस ओळखायचा. या नजरेचा त्यांना भारी अभिमान. पकडलेल्या माणसाच्या खिशातून तिकीट निघालंच, तर "आज काढलंस, रोज काढत नसशील" असं सुनावून ते खाली उतरत. 'चुकलं' हा शब्द त्यांनी पुष्कळ ऐकला होता, पण कायम दुसऱ्याच्या तोंडून.

आता गाड्यांना कंडक्टर उरले नव्हते. पायरीवर पाय ठेवला की तिकीट आपोआप फाटे. दोरी गेली, घंटी गेली, तपासनीस गेले. दिलीपरावांच्या ताब्यात एकच गाडी राहिली होती, कराडजवळच्या मलकापुरातला तिसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट. प्रवासी दोनच. मुलाकडे जन्मापासूनचा पास होता. संशय घ्यायला सून तेवढी शिल्लक होती.

आणि संशयाला कारणही होतं. दुपारी जेवून दिलीपराव कॉटवर आडवे होत. चार्जिंगला लावलेला फोन छातीवर ठेवत आणि जुन्या कुस्त्यांच्या चित्रफिती पूर्ण आवाजात लावत. केतकी कराडच्या एका रुग्णालयात डायलिसिस विभागात तंत्रज्ञ होती. पहाटेची पाळी संपवून ती दुपारी घरी येई आणि तिला झोप हवी असे, नेमकी तेव्हा भिंतीपलीकडं कुणीतरी कुणाला चीतपट करत असे. आवाज कमी करा, असं तिनं सुरुवातीला स्वतः सांगितलं, मग नवऱ्याकडून सांगितलं, मग सांगणं सोडलं. त्याच सुमारास केबली मरायला लागल्या. दिलीपरावांनी दोन आणि दोन चार केले.

"तिला माझा फोन फोडता येत नाही," ते ऋतुराजला म्हणाले, "म्हणून तार तोडते. दुपारी चहाचा कप न्यायला खोलीत येते ना, तेव्हा. आता बघच."

त्यांनी खिशातून एक नवी डबी काढली. वर लिहिलं होतं: साक्षी.

या साक्षी केबलबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्या वर्षी तिनं निम्म्या महाराष्ट्राच्या घरांत भांडी आपटायला लावली होती.

चार्जिंगची तार मरते ती बहुतेक मानेत. एका टोकाला प्लग असतो, घट्ट आणि ताठ. त्याला जोडलेली तार मऊ. ताठ आणि मऊ जिथं भेटतात तिथं सगळा वाक एकाच जागी गोळा होतो. आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारांची जुडी असते. एकदा वाकवली तर काही होत नाही. रोज त्याच जागी वाकवली की तांबं कडक होतं, ठिसूळ होतं आणि एकेक केस तुटायला लागतो. उरलेल्या केसांना सगळी वीज वाहावी लागते, ते तापतात, वरचं आवरण भेगाळतं. प्लगला न धरता तारेला धरून हिसका दिला की आतल्या सोल्डरनं डागलेल्या जोडांवर ताण येतो. चार्जरभोवती तार आवळून गुंडाळली तरी तेच. थोडक्यात, प्लगला धरून काढा, सैल वेटोळं घाला आणि मान वाकवून ठेवू नका, एवढी तीन पथ्यं पाळली तर केबल बरीच वर्षं टिकते. ही पथ्यं सगळ्यांना ठाऊक असतात आणि कुणी पाळत नाही.

कंपन्यांची डोकेदुखी वेगळी होती. गिऱ्हाईक तुटकी केबल आणून म्हणे, तुमचा माल खराब. गॅरंटी नाकारायला पुरावा हवा होता. म्हणून कुणीतरी तांब्याच्या जुडीत काचेचा एक धागा घातला. त्यातून सतत प्रकाश सोडलेला असतो. तार जिथं वाकते तिथं थोडा प्रकाश मागं परततो. परतायला किती वेळ लागला, यावरून वाक कुठं आहे ते कळतं आणि किती परतला, यावरून वाक केवढा ते. प्लगमधली तीळभर चिप हे सगळं टिपून ठेवते आणि फोनला बिनतारी कळवते. तार तुटेपर्यंत थांबायचं कारण नाही. कोणत्या दिवशी, कशानं, ती किती म्हातारी झाली ते तिला माहीत असतं.

इथवर ठीक होतं. मग लक्षात आलं की जिन्यावरच्या पावलांवरून जसं कोण आलं ते ओळखू येतं, तसं ओढण्याच्या लयीवरून हातही ओळखता येतो. कुणाचा हात आधी थरथरतो, कुणी तिरका ओढतो, कुणी दोन टप्प्यांत. अंगठ्याच्या ठशाइतकी ती खूण नेमकी निघाली. आता केबल नुसतं 'माझ्यावर अन्याय झाला' असं म्हणत नव्हती, कुणी केला तेही सांगत होती. खालच्या मजल्यावर जगदाळ्यांच्या केबलनं धाकट्या भावाचं नाव घेतलं आणि आठवड्यात त्या घरात दोन गॅस आले. एका शाळेनं मुलांचे हात तपासायला घेतले. लग्नाच्या बोलण्यांत पत्रिकेनंतर हाताचा अहवाल मागणारी मंडळी निघाली. काचेचा धागा गॅरंटीसाठी घातला होता. माणसांनी तो एकमेकांच्या गळ्यात घातला.

दुकानदार असिफ तांबोळी दिलीपरावांना वापर समजावून सांगताना म्हणाला होता, "काका, आधी घरातल्या प्रत्येकाकडनं एकदा प्लग लावून काढून घ्या, म्हणजे ती हात ओळखते. अहवाल उघडेपर्यंत ती मुकी राहते, म्हणजे माणसं सावध होत नाहीत. अहवाल उघडला की बोलायला लागते. सवयी सुधाराव्यात म्हणून."

दिलीपरावांनी पहिली दोन वाक्यं नीट ऐकली. पुढचं त्यांच्यासाठी नव्हतं. त्यांना कुठं कुणाच्या सवयी सुधारायच्या होत्या. त्यांना माणूस पकडायचा होता.

"लाव हात," ते ऋतुराजला म्हणाले. त्यानं प्लग लावला, काढला. फोननं 'ऋतुराज' असं नाव घेतलं.

"आता तिला सांग."

केतकीनं हात धुतले, पुसले, आली. दोन बोटांत प्लग धरला, लावला, सरळ मागं घेतला. तारेला तिचं बोटही लागलं नाही.

"नाटक," दिलीपराव पुटपुटले.

"आता तुमचा हात, अण्णा," ऋतुराज म्हणाला.

"मी माझीच केबल कशाला तोडीन?"

तपासनिसाला तिकीट कोण विचारणार? ऋतुराजनं विषय सोडला. केतकीनं सोडला नाही. ती खुर्ची ओढून सासऱ्यासमोर बसली आणि मधला थांबा ओलांडून थेट त्यांच्याशी बोलली.

"अण्णा, ह्याला कंपनीनं नागपूरला बोलावलंय. सौरपंपांचा सगळा विभाग याच्याकडे देणार आहेत. महिनाअखेरच्या रविवारपर्यंत कळवायचंय. हा तुम्हाला सांगायला घाबरतो, म्हणून मी सांगते."

दिलीपरावांनी मुलाकडं पाहिलं. मुलगा मेलेल्या केबलकडं बघत होता.

"त्या रविवारी तुमचा अहवाल उघडा," केतकी म्हणाली. "माझा हात निघाला तर आम्ही नागपूरला जातो. चोराबरोबर कशाला राहायचं तुम्ही? आणि नाही निघाला, तर या टेबलापाशी बसून मला 'चुकलं' म्हणायचं. तेवढं म्हणालात तर मी राहते, हाही राहतो. पण मला विचाराल तर निघू दे माझंच नाव. बॅग भरायला मोकळी होईन."

"तिला सांग, मान्य आहे," दिलीपराव म्हणाले. निरोप न्यायला ऋतुराज मधोमध बसलेलाच होता.

मग घरात अशी सभ्यता आली की कुणाचाही जीव गुदमरावा. केतकी दुपारी घरी येई, झोपण्याची खटपट करी, कुस्ती संपली की सासऱ्याच्या खोलीत जाऊन चहाचा कप उचली. दिलीपराव डोळे मिटून पडलेले असत, पण एका फटीतून बघत असत. या फटीतून त्यांनी अर्ध्या सातारा जिल्ह्याचे विनातिकीट प्रवासी हेरले होते. केतकी केबलपाशी वाकते, हे त्यांनी स्वतः पाहिलं. एकदा नव्हे, कितीतरी वेळा. वाकते, हात लावते, निघून जाते. त्यांना दुसरा पुरावा खरं तर नकोच होता.

ऋतुराज एकदा संध्याकाळी त्यांच्या कॉटवर येऊन बसला.

"अण्णा, हे बंद करा ना. मी चांगली जाड केबल आणून देतो."

"तुझ्या आईनं मला कधी खोटं पाडलं नाही," दिलीपराव म्हणाले.

"आईला तुम्ही कधी बोलूच दिलं नाही."

मुलगा असं बोलेल, हे दिलीपरावांच्या गणितात नव्हतं. हे पोरगं लहानपणी सुट्टीत त्यांच्याबरोबर गाडीत यायचं. घरी खिडकीच्या गजाला सुतळी बांधून त्यानं स्वतःची एस.टी. केली होती. दिलीपरावांनीच शिकवलं होतं, एक हिसका म्हणजे थांबा, दोन हिसके म्हणजे जाऊ द्या. त्याची आई सुनंदा स्वयंपाकघरातून 'उतरायचंय हो' म्हणून ओरडायची आणि पोरगं सुतळीला लोंबकळायचं. दिलीपरावांना हे सगळं आठवलं, पण बोलण्यात आणण्याजोगं वाटलं नाही. "जा, झोप," एवढंच ते म्हणाले.

रविवार उजाडला. स्वयंपाकघरात थालीपिठाचा वास होता. दिलीपराव दार लोटून कॉटवर बसले, चष्मा लावला आणि अहवाल उघडला. मनातल्या मनात त्यांनी तपासनिसाचा पिवळा फलक दाखवून गाडी थांबवली होती.

पडद्यावर तीन हात होते.

ऋतुराज: संपर्क नाही.

केतकी: तारेची मान सरळ केली. खाली तारखांची रांग, जवळजवळ रोजची. प्रत्येक वेळी दुपारी. मान दुमडलेली, हात आला, मान दोन बोटांत धरून सरळ झाली, हात गेला. या हातामुळे केबलचं आयुष्य वाढलं आहे, असं खाली लिहिलं होतं.

तिसरा, अनोळखी हात: सर्व इजा.

दिलीपरावांना पहिल्यांदा चोरच आठवला. मग कामवाली, मग जगदाळ्यांचा धाकटा. माणूस स्वतःकडं किती उशिरा वळतो, याचा कुणी हिशोब ठेवला तर त्यात दिलीपरावांचा क्रमांक बराच वर लागला असता. त्यांनी अनोळखी हातावर बोट टेकवलं. आलेख उघडला. दुपारी लांबलचक वाक, मानेतून, प्लगवर वजन. फोन छातीवर आणि प्लग पोटाच्या उतारावर रुतलेला. त्यानंतर दोन टोकदार सुळके, एकाला लागून एक. तारेला धरून. रोज. प्रत्येक वेळी तसेच, तेवढ्याच अंतरानं.

त्यांचा उजवा हात आपोआप उचलला गेला आणि हवेतच दोनदा ओढला गेला. टिंग टिंग. जाऊ द्या.

कंडक्टर असताना वर्षानुवर्षं त्यांनी त्या हातानं दोरी ओढली होती. झोपेतून उठून फोन काढतानाही हात तसाच चालत होता. आवाज नव्हता, म्हणून त्यांना कधी कळलं नव्हतं.

आता तीन वाटा होत्या. बाहेर जाऊन खरं सांगायचं आणि 'चुकलं' म्हणायचं. किंवा यंत्र बिघडलं म्हणायचं. पण ती सून होती, यंत्र स्वतः तपासल्याशिवाय राहिली नसती. तिसरी वाट पडद्याच्या कोपऱ्यात होती. 'नाव बदला.'

दिलीपरावांनी हिशोब मांडला. ती गेली तर पोरगा जाईल. पोरगा गेला तर फ्लॅट रिकामा. रिकाम्या गाडीत तपासनीस काय तपासणार? हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. पण 'चुकलं' हा शब्द घशाशी आणून पाहिला, तर तो तिथंच आडवा झाला. बोट पुढं गेलं. अनोळखी हाताला त्यांनी नाव दिलं 'केतकी'. सरळ करणाऱ्या हाताला दिलं 'दिलीप'. फोन चार्जिंगला लावलेल्या अवस्थेतच, लांब तारेसकट, त्यांनी बाहेरच्या टेबलावर आणून ठेवला. चार्जर भिंतीत, तार टेबलावर, पडदा सुनेकडं.

"वाच म्हणावं," ते म्हणाले.

केतकीनं वाचलं. ऋतुराजनं तिच्या खांद्यावरून वाचलं. तो म्हणाला, "असं कसं होईल?"

केतकीनं सासऱ्याकडं पाहिलं. डायलिसिसच्या खाटेवरचा माणूस पाणी प्यायलो नाही म्हणतो आणि वजनकाटा भलतंच सांगतो, तेव्हा ती असंच बघत असावी.

"बरं झालं," ती म्हणाली. "सुटले."

ती आत गेली. कपाटावरची बॅग खाली ओढल्याचा आवाज आला. रडण्याचा आला नाही. दिलीपरावांना तो अपेक्षित होता. आरोप ठेवला की माणूस रडतो, शपथा घेतो, पाया पडतो, अशी त्यांची आयुष्यभराची सवय. निर्दोष माणूस इतक्या आनंदानं गुन्हा पत्करतो, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं आणि ते त्यांना अजिबात सोसलं नाही. थोडक्यात, जिंकून ते हरत होते. बॅगेची चेन उघडली गेली. केतकी परत स्वयंपाकघरात आली, शेवटचं थालीपीठ राहिलं होतं. दोन्ही हात पिठानं माखून ती ते तव्यावर थापायला लागली.

"मी कंपनीला कळवतो," ऋतुराज म्हणाला. त्याचा आवाज तपासनिसाला ओळखू आला नाही.

काहीतरी करायला हवं म्हणून दिलीपरावांनी फोन उचलला. तार आड आली. त्यांनी ती काढली.

फोनचा आवाज पूर्ण वर होता. तो कायम तसाच असे. एका बाईच्या गोड स्वरात तो सगळ्या घरभर बोलला:

"केतकी, आपण तारेला धरून दोन हिसके दिलेत. कृपया प्लगला धरून काढा."

केतकी स्वयंपाकघराच्या दारात आली. पिठाचे दोन्ही हात तिनं वर धरले होते, पोलिसानं पकडल्यासारखे. ऋतुराजनं तिच्या हातांकडं पाहिलं. मग वडिलांच्या हाताकडं. त्या हातात तार अजून लोंबत होती.

विनातिकीट प्रवासी सापडला होता, गणवेशात.

"दोन हिसके," ऋतुराज हळूच म्हणाला. "अण्णा, ही तर तुमची डबल बेल आहे."

"नावंसुद्धा बदलता येतात का त्यात?" केतकीनं विचारलं. "मला वाटलं, तुम्हाला फक्त कुस्त्या लावता येतात."

दिलीपराव खुर्चीत बसले. "तू रोज ती मान सरळ का करत होतीस?" त्यांनी विचारलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच थेट तिला.

"तुमच्यासाठी नाही," केतकी म्हणाली. "मी दिवसभर नळ्या सांभाळते. एक नळी दुमडली तर माणूस जातो. दुमडलेलं दिसलं की हात जातो माझा, बस. तुमच्या जागी कुत्रं झोपलं असतं तरी सरळ केली असती."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"कुणामार्फत?"

बॅग आतल्या खोलीत उघडी होती. ती इथून दिसत होती. दिलीपरावांनी तार पुन्हा फोनला लावली. ऋतुराज बघत होता. मग त्यांनी ती ओढली. एकदाच. एका हिसक्याचा हात फोनला ओळखू आला नाही.

ऋतुराजनं कंपनीला कळवायला घेतलेला मोबाइल खाली ठेवला.

"हे काय?" केतकी म्हणाली.

"थांबा म्हणतायत," ऋतुराज म्हणाला.

"मी त्यांच्या गाडीत लहानाची मोठी झालेली नाही. मला घंटी कळत नाही. तोंडानं बोलायचं ठरलं होतं."

थालीपीठ करपायला लागलं. तिनं गॅस बंद केला आणि तिथंच उभी राहिली. घाई तिला नव्हती, नागपूर कुठं पळून जात नव्हतं.

"चुकलं," दिलीपराव म्हणाले. म्हणाले ते केबलकडं बघून, पण ऐकू येईल इतपत.

"माझ्याकडे बघून."

त्यांनी मान वर केली. ती हलली तेव्हा कुठंतरी काहीतरी तुटलं असावं, कारण डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा त्यांना फार राग आला.

"चुकलं माझं, केतकी. जाऊ नका."

केतकीनं हात धुतले. पदराला पुसत आली. 'असू द्या' म्हणाली नाही, बॅग आवरायलाही गेली नाही. टेबलावरची तार उचलून तिनं दुमडलेली मान दोन बोटांत धरली आणि सावकाश सरळ केली.

"उद्यापासून प्लगला धरून काढायचं. दुपारी आवाज बंद. आणि बॅग महिनाभर कपाटावर चढणार नाही, समोरच राहील."

दिलीपरावांनी मान डोलावली. फोन पुन्हा बोलला, तोच गोड स्वर, तेवढाच मोठा:

"दिलीप, आपण तार हळुवार सरळ केलीत. असाच हात राहू द्या."

केतकीनं फोन उचलून सासऱ्यापुढं सरकवला.

"आधी नावं बदला," ती म्हणाली. "माझ्या तिकिटावर तुमचा प्रवास नको, अण्णा."